जपानी तलवारीचा 'कागद': हे प्रकरण कुठून सुरू झालं

जुनी जपानी तलवार विकायला निघाली की पहिला प्रश्न येतो, कागद, म्हणजे जाणकारांचा दाखला, आहे का? मुठीत दडलेल्या भागावर, म्हणजे नाकागोवर, लोहाराची सही असली तरी तिच्यावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. नावाजलेल्या लोहारांच्या खोट्या सह्या शेकडो वर्षं कोरल्या जातायत. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) कोतेत्सुच्या तर इतक्या की त्याचं नाव दिसलं की आधी खोटंच धरायचं असा रिवाज आहे. उलट सगळ्यात भारी मानला जाणारा मासामुने, साधारण १३०० च्या आसपासचा, त्याच्या बहुतेक पात्यांवर सहीच नाही. मग ठरवायचं कुणी?

ते काम होनआमी घराण्याकडे गेलं. हे लोक आशिकागा शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, पदरचे पॉलिशवाले, पिढ्यानपिढ्या पाती घासणारे, त्यामुळे पोलाद वाचायची नजर त्यांचीच. सोळाव्या शतकाच्या शेवटी हिदेयोशीच्या राज्यात तलवारी बक्षीस म्हणून दिल्या जायच्या आणि बक्षीस म्हटलं की किंमत आली, तेव्हा होनआमी कोतोकुच्या काळापासून ओरिगामी म्हणजे घडी घातलेला दाखला मिळायला लागला, त्यात लोहार कोण, लांबी किती आणि किंमत सोन्याच्या किती नाण्यांएवढी हे लिहिलेलं. घराण्यातले जाणते ठरलेल्या दिवशी एकत्र बसून निर्णय द्यायचे म्हणून खऱ्या ओरिगामीवर तारीख कायम महिन्याची ३ असते, दुसरी दिसली की कागदच बनावट समजा! लांब पातं कापून आखूड करताना सही निघून गेली असेल तर हेच लोक आपला निर्णय नाकागोवर सोन्यात भरून ठेवायचे.

१७१९ मध्ये शोगुन योशिमुनेच्या हुकमावरून होनआमी कोचूने नामांकित तलवारींची यादी केली. आजही कोचूचा कागद म्हटलं की जाणकार जरा सरसावून बसतात, नंतरच्या पिढ्यांच्या कागदाला तेवढा मान नाही.

१८७६ च्या बंदीने कमरेच्या तलवारी गेल्या, पण खरा घाला १९४५ चा. अमेरिकन सैन्याने सरसकट शस्त्रं जमा करायला लावली. कोचूच्या यादीतली होन्जो मासामुने, म्हणजे मासामुनेचीच एक तलवार, जुन्या शोगुनांच्या तोकुगावा घराण्याने पोलीस ठाण्यात जमा केली, ती अजून बेपत्ता. होन्मा जुंजी आणि सातो कानइची या अभ्यासकांनी अधिकाऱ्यांना पटवलं की ही नुसती हत्यारं नाहीत, तेव्हा कलेच्या तलवारी वाचल्या. टोकियोच्या आकाबाने डेपोत साठलेल्या ढिगातून साडेपाच हजारांच्या आसपास बाजूला काढल्या गेल्या आणि १९४८ मध्ये एनबीटीएचके ही कलेच्या तलवारी जतन करणारी संस्था उभी राहिली. आजचे कागद मुख्यतः तिचेच.

जपानमध्ये तलवारीसोबत सरकारी नोंदणीचं कार्ड पण असतं, बरेच जण त्यालाच सर्टिफिकेट समजतात. ते फक्त तलवार ठेवायची परवानगी आहे, सही खरी की खोटी याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तपासताना आधी पात्याचा आकार, मग पोलादाची वीण, मग धारेजवळची पांढरट नक्षी. नाकागो शेवटी. अभ्यासाच्या बैठकीत तर तो झाकूनच ठेवतात आणि लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. बांबूची खुंटी ठोकून मूठ काढली की दिसतो तो काळपट तपकिरी गंज आणि त्याखालच्या कानशीच्या रेघा, वय सांगणारा साक्षीदार तोच. तो घासून चकचकीत करणाऱ्याला काय म्हणावं! ब्रह्मदेशच्या लढाईनंतर भारतीय पलटणींच्या मेसमध्येही अशा तलवारी आल्या. युद्धकाळात धडाधड बनवलेल्या पात्यांचा त्या काळात सुकाळ होता, पण लष्करी मुठीत एखाद्या ऑफिसरचं घराण्यातलं जुनं पातं पण निघू शकतं, म्हणून मूठ काढल्याशिवाय बोलू नये.

संस्थेचे कागद तरी कायम निर्दोष होते का, तर तसंही नाही. १९७० च्या दशकातल्या हिरव्या कागदांबद्दल इतका संशय पसरला की १९८२ मध्ये होझोन (जतन करण्याजोगी), तोकुबेत्सु होझोन (विशेष जतन करण्याजोगी) अशी दाखल्यांची नवी पद्धत आणली. अजूनही हिरवा कागद असलेली तलवार शहाणे विक्रेते आधी टोकियोला परत तपासायला पाठवतात, आणि काही तिथून नापास होऊन येतात.