सेज नुसता मारत बसला की टीम बरी होत नाही

‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेममध्ये डिसेंबर २०२१ला सेज हा हीलर (टीमला बरं करणारा पात्र-प्रकार) आला, आणि तेव्हापासून एक समज चिकटून बसलाय: शत्रूवर हल्ले करत राहा, हीलिंग आपोआप होतं. अर्धंच खरं आहे हे.

कार्डिया (सेज एका खेळाडूवर लावतो ती शक्ती) लावलेल्या एकाच खेळाडूला तुमच्या प्रत्येक हल्ल्याच्या मंत्रामागे १७० पोटेन्सीचं (पोटेन्सी म्हणजे ताकदीचा आकडा) हीलिंग मिळतं. एकाच! बॉसने अख्ख्या पार्टीला झोडपलं की बाकीचे सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. खरं काम अ‍ॅडर्सगॉल (हीलिंगसाठी साठत जाणारी ऊर्जा) करतं. दर २० सेकंदांना एक साठतं, जास्तीत जास्त तीन. त्यातल्या एकाचं ड्रुओकोल (एकाला हील करणारी शक्ती) टाकलं तर ६०० पोटेन्सी, वर थोडा एमपीही (मंत्रांना लागणारी शक्ती) परत. केराकोल ही शक्ती मार बसण्याआधीच टाकायची: सगळ्यांचं नुकसान १० टक्क्यांनी घटतं. तिन्ही भरलेली ठेवून ‘गरज पडली नाही’ म्हणणारे सेज पाहिले की माझं डोकं फिरतं.

आणि हल्ले काय, व्हाइट मेज या दुसऱ्या हीलरलाही करावेच लागतात. स्कॉलर या हीलरची परी तर हात न लावता हील करते. पण तिच्या भरवशावर कुणी रेडला (मोठ्या बॉसच्या लढाईला) जात नाही.