"आपल्या रक्तातच आहे" म्हणणाऱ्या माझ्या चुलतभावासाठी

काका गेले तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. गुरुजींनी लाल कापडात बांधलेली वही सोडली, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि पानं उलटत पाच मिनिटांत आमच्या खापरपणजोबांपर्यंत पोचले, कोण कोणाचा मुलगा, कोण कधी नाशकात येऊन गेलं, सगळं लिहिलेलं. कोण कशाने गेलं ते मात्र त्या वहीत नसतं. घाटाच्या पायऱ्या चढताना चुलतभाऊ म्हणाला, "आजी गालाच्या कॅन्सरने गेली, आता बाबा जिभेच्या. आपल्या रक्तातच आहे हे, आता तंबाखू सोडून काय फायदा?"

त्या दिवशी मी काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट, तो पूर्ण चुकीचा नाहीये. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण पावणेदोन पट होतो, हे बऱ्याच देशांतल्या पेशंट्सची माहिती एकत्र करून काढलेलं आहे. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, घरात कॅन्सरची हिस्टरी आहे आणि माणूस तंबाखू आणि दारू दोन्ही घेतो, तर ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्या तुलनेत धोका सातपटीच्या आसपास जातो. म्हणजे रक्तात असेल तर तंबाखू सोडायचं कारण उलट जास्त मोठं होतं.

असं का होतं ते बघू. तंबाखूत नायट्रोसअमाईन नावाची रसायनं असतात. ती शरीरात गेली की आपलीच काही एन्झाइम्स, म्हणजे पेशीत रासायनिक कामं करणारी प्रथिनं, त्यांचं रूप बदलतात आणि ते बदललेलं रूप पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. अशा विषारी गोष्टी धुऊन बाहेर काढणारी दुसरी एन्झाइम्स असतात, आणि तरीही डीएनए बिघडलाच तर तो दुरुस्त करणारी एक वेगळी टोळी असते. या प्रत्येकाची रेसिपी जीन्समध्ये, म्हणजे आई-वडिलांकडून आलेल्या डीएनएच्या तुकड्यांमध्ये, असते आणि ती प्रत्येकाची थोडी थोडी वेगळी. जीएसटीएम१ नावाचा सफाईचा एक जीन तर कित्येक लोकांमध्ये चक्क नसतोच, आईकडूनही आलेला नाही आणि वडिलांकडूनही नाही, आणि त्यांना आयुष्यभर ते कळतही नाही. असा एकेक फरक धोका थोडासाच वाढवतो, पण रोज सहा-सात वेळा बार भरणाऱ्या माणसाच्या गालात त्या थोड्याशाचा हिशोब वर्षानुवर्षं साठत जातो.

नाशिककराला हे पुराच्या भाषेत लगेच कळेल. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण विचारतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला का छातीला? सराफ बाजारातलं खालच्या अंगाचं दुकान आधी भिजतं, वर चढावरचं उशिरा. जीन्स म्हणजे तुमचं दुकान किती उंचीवर आहे ते, आणि तंबाखू, सुपारी, दारू म्हणजे वरून सोडलेलं पाणी. पाणी खूप सोडलं तर चढावरचं दुकान पण भिजतं. "आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत तंबाखू खाल्ली, काही झालं नाही" असं सांगणाऱ्यांचे आजोबा कदाचित चढावर होते, पण नातू त्याच उंचीवर आहे याची कोणी खात्री देऊ शकत नाही, कारण आजोबांचा साधारण पाव हिस्साच त्याच्याकडे आलेला असतो.

आणि वारसा फक्त जीन्सचा येत नाही. आमच्या आजीचा मिश्रीचा एक पितळी डबा होता. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका लागायचा, मग ती चुरून डब्यात. सकाळी चुलीपाशी बसून बोटाने दातांना लावायची आणि कितीतरी वेळ तशीच तोंडात. आत्याची दाढ दुखायला लागली तेव्हा तिलाही त्याच डब्यातली दिली, वय बारा. काकांनी शेतावर चुना-तंबाखू मळायला आजोबांकडूनच घेतलं. त्यामुळे एका घरात तीन जणांना कॅन्सर दिसला तर त्यात रक्त किती आणि डबा किती हे वेगळं काढणं शास्त्रज्ञांनाही अवघड जातं. सुपारीचंही तसंच, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय, तरी लग्नाच्या पंगतीनंतर तबक फिरतंच.

आता खरोखर रक्तातून येणारा प्रकार. तो दुर्मिळ आहे पण माहीत पाहिजे. फॅन्कोनी ॲनिमिया, स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये एकाच घरातल्या भावंडांमध्ये पाहिलेला. यात डीएनएचे दोन धागे एकमेकांना अडकून बसले तर ते सोडवणारी दुरुस्तीच बिघडलेली असते. मुलाची उंची कमी राहते, कधी अंगठा नीट तयार झालेला नसतो, रक्त कमी होत जातं. आणि या पेशंट्समध्ये तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका शेकडो पट असतो, विशी-तिशीत, तंबाखूला हातही न लावता. बोन मॅरो, म्हणजे हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा, बदलला तर रक्त सुधारतं, पण तोंडातल्या पेशी जुन्याच राहतात, म्हणून तोंडाची तपासणी त्यांना आयुष्यभर करावी लागते. बहुतेक वेळा आई-वडील दोघांकडून जीनची बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो, दोघांकडेही अशी एकेक प्रत असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अजून होतात, तिथे दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता जास्त, हे घरातल्या मोठ्यांना शांतपणे सांगितलं पाहिजे.

हा आजार आहे की नाही ते बहुतेक वेळा रक्ताच्या एका टेस्टमध्ये कळतं, पेशींना एक ठराविक औषध देऊन गुणसूत्रं, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, किती तुटतात ते बघतात. तरुण, व्यसन नसलेल्या माणसाला जिभेचा कॅन्सर झाला तर उपचाराआधी डॉक्टरांना हे जरूर विचारा, कारण फॅन्कोनी असेल तर नेहमीच्या डोसची केमो आणि रेडिएशन शरीराला झेपत नाही. टॉन्सिलच्या भागातले काही कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळे होतात, त्यातही कोणाची प्रतिकारशक्ती त्याला कशी ओळखते हे काही प्रमाणात जीन्सवर असतं. पण साध्या तोंडाच्या कॅन्सरसाठी "तुम्हाला होणार की नाही" सांगणारी जीन टेस्ट आज नाहीये, ऑनलाइन किटवर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा घरची हिस्टरी लिहा. काकांच्या उपचारात डॉक्टरांनी एका कागदावर वंशावळ काढली होती, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झालेला काळा भरायचा, शेजारी वय. मागच्या रविवारी मी तसाच कागद घेऊन आत्याकडे बसलो. आजीचा गोल भरला, काकांचा चौकोन भरला, आत्याला आठवलं की आजीच्या भावालाही "गळ्याला गाठ" होती, तो अर्धा भरून ठेवला. बाजूला मिश्री, तंबाखू, काहीच नाही, असं पण लिहिलं.

चुलतभाऊ शेजारीच बसलेला होता. मी त्याला म्हटलं, तोंड उघड आणि तीन बोटं उभी घालून बघ, सहज जायला पाहिजेत. त्याने घातली. दोनच गेली. गुरुवारी सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट घेतलीय, मी सोबत जातोय.