मोठा सर्व्हर घेऊन साईट लांबून फास्ट उघडत नाही

"साईट दुसऱ्या खंडात हळू उघडते? मग मोठा सर्व्हर घे." हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की वाचून डोकं फिरतं. जास्त रॅम घेतली की पान लवकर तयार होईल, ठीक, पण तयार झालेलं पान १०,००० किलोमीटर न्यायचं तर ते फायबरमधूनच जाणार ना, आणि काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटरच असतो. जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०. केबल काही सरळ रेषेत नसते, मधे राउटर असतात, म्हणून एक फेरी १५० ची धरू. "एआयने स्पीड दहापट" म्हणत प्लगिन विकणाऱ्यांकडेही प्रकाशाला ढकलायची सोय नाहीये.

१५० ने काय बिघडतं? बिघडतं, कारण फेरी एकच नसते. टीसीपीचं (डेटा हरवू न देता पोचवण्याच्या नियमांचं) कनेक्शन जुळायला एक, मग एनक्रिप्शनसाठी टीएलएस १.३ ची एक (१.२ ला दोन लागायच्या), मग पान मागायची एक. ४५० गेले आणि आत्ता कुठे पहिला बाईट आला.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. टीसीपी अख्खं पान एकदम पाठवतच नाही! वाटेत किती जागा आहे ते त्याला माहीत नसतं, म्हणून आधी फक्त १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे साधारण १४ केबी, पाठवतं आणि पोच येईपर्यंत थांबतं, पोच आली की २०, मग ४०. हा स्लो स्टार्ट. १९८६ मध्ये बर्कलेत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळला होता, हो, नुसते बीपीएस, म्हणजे सेकंदाला ४० बिट, कारण गर्दीत हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून सगळे गर्दी अजूनच वाढवत होते. नेटवर्कचे संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या पेपरमध्ये यावरचे उपाय मांडले, त्यातलाच हा एक. तेव्हा सुरुवात एकाच पॅकेटने व्हायची, १० बऱ्याच नंतर आले.

तर ९० केबीचं पान तीन हप्त्यांत येतं, म्हणजे अजून दोन फेऱ्या, एकूण ७५०. नुसता आकार बघितला तर १०० एमबीपीएसच्या लाईनवर हे ७ मिलिसेकंदांचं काम!

म्हणून फेरीच छोटी करायची, आणि सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती वाचकाजवळ ठेवणारं जगभरच्या सर्व्हरांचं जाळं, तेच करतं. त्यासाठीच्या एनीकास्ट पद्धतीत एकच आयपी पत्ता जगभरच्या ठिकाणांहून बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात त्या पद्धतीने) जाहीर करतात, त्यामुळे वाचक सहसा जवळच्या ठिकाणी पोचतो. फेरी १० ची झाली की त्याच पाच फेऱ्या ५० मध्ये उरकतात. पान तिथे साठवलेलं नसलं तरी फायदा होतो, कारण तिथून मूळ सर्व्हरपर्यंतचं कनेक्शन बऱ्याचदा आधीच उघडं आणि तापलेलं, म्हणजे स्लो स्टार्ट उरकलेलं, असतं, लांबची फेरी एखादीच पडते.

फक्त एक बघा, बरीच सीडीएन आपणहून चित्रं आणि सीएसएसच (पानाची सजावट) साठवतात, एचटीएमएल, म्हणजे खुद्द पान, नाही. तेही साठवायचं तर पानासोबत जाणाऱ्या कॅश-कंट्रोल हेडरमध्ये एस-मॅक्सएज (सीडीएनने किती सेकंद साठवायचं तो आकडा) द्या, सीडीएनच्या सेटिंगमध्येही ते चालू करा, आणि लॉगिन केलेल्यांची पानं त्यातून वगळा, नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसेल.