पार्श्वभूमी: सोळा वर्षांत मागे पडलेलं कर्झन स्ट्रीट स्थानक

बर्मिंगहॅमच्या मध्यवस्तीच्या पूर्वेला एक तीन मजली दगडी इमारत एकटीच उभी आहे. दर्शनी बाजूला आयोनिक या प्राचीन ग्रीक धाटणीचे चार उंच खांब. जुनं न्यायालय असावं असं वाटतं, पण हे होतं रेल्वे स्थानक. मागचे फलाट, छप्पर कधीच गेले.

लंडन-बर्मिंगहॅम हा ११२ मैलांचा मार्ग १७ सप्टेंबर १८३८ रोजी सलग सुरू झाला. व्हिक्टोरिया गादीवर येऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. मार्ग बांधला रॉबर्ट स्टीफन्सनने. (आपल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचे अभियंते जेम्स बर्कले याच्याच हाताखाली तयार झालेले.) दोन्ही टोकांच्या वास्तू फिलिप हार्डविकने रचल्या: लंडनच्या यूस्टन स्थानकाला डॉरिक या दुसऱ्या ग्रीक धाटणीची प्रचंड कमान, इकडे ही आयोनिक इमारत. आत तिकीटघर आणि कंपनीची कार्यालयं होती. पण हा थाट खरा होता तो बाहेरून बघणाऱ्यांसाठी. रेल्वे हा प्रकार नवा होता, लोकांवर छाप पाडणं कंपनीला भाग होतं.

जागा मात्र गैरसोयीची. गावाच्या कडेला उतरायचं आणि तिथून पुढे गावात जायचं. १८४६मध्ये कंपन्यांचं विलीनीकरण झालं आणि भर शहरात, गाड्या आरपार जातील असं न्यू स्ट्रीट स्थानक उभं राहिलं. १८५४मध्ये ते सुरू होताच कर्झन स्ट्रीटच्या नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. सहलीच्या गाड्या १८९३पर्यंत येत राहिल्या. बाकी सगळा मालधक्का, तोही १९६६पर्यंतच.

माझ्या मते या अडगळीनेच इमारत वाचवली. यूस्टन गजबजलेलं राहिलं, त्याला विस्तार हवा होता. तिथली कमान विरोध न जुमानता १९६१-६२मध्ये पाडली गेली. इकडे मालाच्या ढिगाऱ्यांशेजारची इमारत हटवण्याची तेवढी निकड कोणालाच नव्हती.

आता हाय स्पीड टू या वेगवान रेल्वेचं स्थानक इथेच बांधलं जात आहे. त्याच्या खोदकामात २०२०मध्ये १८३७च्या गोलाकार इंजिनशेडचा पाया सापडला. मधलं टर्नटेबल (इंजिन वळवायची फिरती चकती), भोवतीचे इंजिन तपासायचे खड्डे ओळखता येत होते. अशा शेडपैकी हे जगातलं सर्वांत जुनं असावं, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. हार्डविकची इमारत नव्या स्थानकाशेजारी जपली जाणार आहे. न्यू स्ट्रीटची गाडी पकडायची तर मात्र प्रवाशांना तेव्हाही बाहेर पडून तिकडे जावंच लागेल.