इंटरनॅशनल सबमरीन बँड आणि ‘सेफ ॲट होम’

अमेरिकन कंट्री-रॉक संगीताच्या (‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातले लोकप्रिय संगीत) आरंभकाळातील एक अल्पजीवी बँड (१९६५–६८). ‘सेफ ॲट होम’ (१९६८) हा त्याचा एकमेव अल्बम. बँड आज ओळखला जातो तो गायक-गीतकार ग्रॅम पार्सन्स (१९४६–७३) याच्या नावाने. पण अल्बम बाजारात आला तेव्हा पार्सन्स दुसऱ्या बँडमध्ये दाखल झालेला होता. बँडचे विचित्र नाव ‘लिटल रास्कल्स’ या मुलांच्या विनोदी चित्रपटमालेतील एका वाद्यवृंदावरून घेतलेले आहे.

पार्सन्सचे बालपण जॉर्जिया आणि फ्लोरिडा या दक्षिणेकडील राज्यांत गेले. १९६५ मध्ये तो हार्वर्डला आला आणि एका सत्रातच शिक्षण सोडून बाहेर पडला. तेवढ्या काळात गिटारवादक जॉन नीस, बासवादक इअन डनलॉप आणि ड्रमवादक मिकी गॉविन यांच्याशी त्याची जोडी जमली. बक ओवन्स, मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकांच्या गाण्यांचा नाद पार्सन्सला लावला तो मुख्यतः नीसने. चौघे न्यूयॉर्कला गेले. १९६६ मध्ये त्यांच्या दोन सिंगल रेकॉर्ड निघाल्या. दोन्ही चालल्या नाहीत. पहिलीच्या एका बाजूला एका विनोदी चित्रपटाचे शीर्षकगीत होते आणि दुसऱ्या बाजूला ‘ट्रक ड्रायव्हिन मॅन’ हे जुने कंट्री गीत. बँडचा कल पुढे कुठे जाणार, हे या दुसऱ्या बाजूने आधीच सांगून टाकले होते.

१९६७ मध्ये बँड लॉस एंजेलिसला आला. लांब केसांच्या मुलांनी कंट्री गाणे ही तेव्हा दोन्ही बाजूंना न रुचणारी गोष्ट होती: रॉक ऐकणाऱ्यांना ते संगीत गावंढळ वाटे, कंट्री ऐकणाऱ्यांना ही मुले उपरी वाटत. डनलॉप आणि गॉविन यांना निव्वळ कंट्रीत रस नव्हता. ते बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ नावाचा गट काढला. (हेच नाव पुढे पार्सन्सने उचलले, त्यामुळे दोन्ही गटांची गल्लत होते.) उरलेल्या बँडला ‘एलएचआय’ या कंपनीचा करार मिळाला. नॅन्सी सिनात्राच्या गाजलेल्या गाण्यांचा कर्ता ली हेझलवुड हा या कंपनीचा मालक. निर्मिती सुझी जेन होकम हिच्याकडे होती. निर्मात्याच्या खुर्चीत स्त्री असणे ही त्या काळी दुर्मीळ बाब.

ध्वनिमुद्रण दोन टप्प्यांत झाले. जुलै १९६७ मध्ये ‘ब्ल्यू आइज’ आणि ‘लक्झरी लायनर’ ही पार्सन्सची दोन गाणी झाली, उरलेली वर्षअखेरीस. फ्लोरिडातील जुना मित्र जॉन कॉर्निअल ड्रमवर आला. बास पहिल्या टप्प्यात स्टुडिओवादक जो ऑस्बर्नने वाजवला, नंतर क्रिस एथ्रिजने. बॉब बुकॅनन गिटार व दुसऱ्या आवाजासाठी आला. पियानोवर अर्ल बॉल आणि पेडल स्टील गिटारवर जेडी मेनेस होते. हे दोघे कंट्रीतच मुरलेले, आणि अल्बमचा खरा रंग त्यांच्या हातचा आहे.

एकूण गाणी नऊ. चार पार्सन्सची, त्यांपैकी शेवटचे ‘डू यू नो हाऊ इट फील्स टू बी लोन्सम’ बॅरी गोल्डबर्गसोबत लिहिलेले. बाकीची जॉनी कॅश, हॅगार्ड, जॅक क्लेमेंट अशांच्या भांडारातली. कॅशचे ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ आणि आर्थर क्रडपचे ‘दॅट्स ऑल राइट’ जोडून एकच गाणे केले आहे. दोन्हींचा सांगाडा तीनच कॉर्डचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर), आणि चालही आगगाडीच्या ठेक्याची, म्हणून सांधा जाणवत नाही. रॉकचा आद्य तारा एल्व्हिस प्रेस्ली याने १९५४ मध्ये हेच ‘दॅट्स ऑल राइट’ गायले होते. त्यामुळे ही जोडणी नुसती करामत न राहता कंट्री आणि रॉक एकाच घरातून निघाल्याचा पुरावाही ठरते.

या संगीताची ओळख असलेले पेडल स्टील मराठी वाचकाला हवाईयन गिटारवरून समजेल. हवाईयन गिटारवर पोलादी दांडी सरकवली की सगळ्या तारा एकत्र वर-खाली जातात. पेडल स्टीलमध्ये पायाने पेडल दाबून एखादीच तार ताणता येते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. रूढ जुळणीत दहा तारा असतात. वाद्याच्या वरच्या बाजूने खाली त्यांचा क्रम एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी असा. ‘ई’ला षड्ज मानले तर सा-ग-प हा कॉर्ड मोकळ्या तारांवर मिळतो. पहिले पेडल पंचमाला धैवतावर नेते, दुसरे गांधाराला मध्यमावर. दोन्ही दाबली की सा-म-ध, म्हणजे मध्यमाचा कॉर्ड तयार होतो, आणि दांडी हललेलीही नसते. फक्त पहिले दाबले तर सा-ग-ध, हा मायनर कॉर्ड. ऐकणाऱ्याला ‘रडणारा’ वाटणारा स्वर तो हाच: षड्ज स्थिर आणि त्याच्या शेजारी पंचमापासून धैवतापर्यंत मींड.

डावा पाय पेडलवर, उजवा आवाजाच्या पेडलवर. तार छेडताना आवाज थोडा मागे ठेवायचा आणि स्वर विझू लागला की पुढे करायचा, म्हणजे स्वर लांबतो. नवशिके ठेक्यासोबत पाय हलवतात. मग वाद्य दम लागल्यासारखे धापा टाकते. पडद्यांच्या रेषा फक्त खुणेच्या असतात, म्हणून दांडी रेषेच्या बरोबर वर हवी. ती जराशी पुढे गेली तरी स्वर चढतो. आणखी एक खोड सांगाड्याची: पेडलचा ताण पडला की लाकडी पेटी किंचित वाकते आणि न ताणलेल्या ताराही सूक्ष्म प्रमाणात उतरतात. म्हणून काही तारा पेडल दाबलेल्या अवस्थेत जुळवतात.

पियानो सोबत असेल तर अडचण वाढते. स्टीलवादक गांधार कानाने शुद्ध लावू पाहतो. तो पियानोच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधील अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तानपुऱ्याचा गांधार आणि हार्मोनियमचा गांधार यांचे भांडण आपल्याकडे शंभर वर्षे चालू आहे, त्याचेच हे भावंड. तोड दोन: गांधार दोहोंच्या मध्ये कुठेतरी लावणे, किंवा स्टीलचा स्वर लांबतो तिथे पियानोने हात आखडणे. या अल्बममध्ये पियानो बहुधा ओळींच्या फटीत बोलतो.

ठेक्याचे गणितही साधे आहे. चार मात्रांत बास पहिल्या मात्रेला षड्ज आणि तिसऱ्या मात्रेला पंचम देतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअर हा ड्रम. रॉकमधून आलेला ड्रमवादक इथे हमखास चुकतो, कारण रिकामी जागा दिसली की तो भरतो. कंट्रीत ती जागा स्टीलची किंवा गिटारच्या उत्तराची. कॉर्निअलला हे अंगवळणी होते. त्याच्या हातात रॉकचा जोर मात्र आहे, आणि ‘लक्झरी लायनर’मध्ये तो ऐकू येतो. अल्बमला ‘पहिला कंट्री-रॉक अल्बम’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात रॉक कमी आणि कंट्रीच जास्त आहे. पार्सन्सचा आवाज कोवळा, उच्च स्वरांवर थोडा डळमळणारा. थट्टेचा सूर कुठेही नाही, आणि हेच त्या काळात नवे होते.

फेब्रुवारी १९६८ मध्ये पार्सन्स ‘द बर्ड्स’ या रॉक बँडमध्ये गेला, मार्चच्या सुमारास ‘सेफ ॲट होम’ निघाला. जाहीर कार्यक्रम करायला बँडच उरला नव्हता, त्यामुळे विक्री झाली नाही. करार मात्र जिवंत होता. ‘बर्ड्स’चा ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ हा अल्बम तयार होत असताना पार्सन्सच्या आवाजावर एलएचआयने हक्क सांगितला. परिणामी त्याची काही गायने काढून तिथे ‘बर्ड्स’च्याच रॉजर मॅग्विनचा आवाज घालण्यात आला. काढलेल्या मूळ गायनांपैकी काही ‘बर्ड्स’च्या १९९० च्या संचात प्रथम बाहेर आली. त्याच्या आवाजात राहिलेल्या गाण्यांत ‘हिकरी विंड’ आहे, ते त्याने बुकॅननसोबत लिहिलेले.

मेनेस, बॉल आणि कॉर्निअल तिघेही ‘स्वीटहार्ट’वर वाजवताना सापडतात. एथ्रिज पार्सन्सच्या ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’मध्ये गेला आणि १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये ‘डू यू नो हाऊ इट फील्स’ नव्याने गायले गेले. ‘लक्झरी लायनर’ला लोकप्रियता मिळाली ती पार्सन्सच्या मृत्यूनंतर, १९७७ च्या सुमारास, गायिका एमिलू हॅरिसच्या आवाजात; तिच्या त्या अल्बमचे नावही हेच होते.