शिंकेसरशी सुटणारी आणि दारापर्यंत न थांबणारी

लघवी शिंकेसरशी सुटो की घाईनं, दोन्हींत कपडे भिजतात, दोन्हींत बाई गुपचूप पॅड लावायला लागते, आणि दोन्हींवर शेजारीण एकच औषध सांगते: "खालचे स्नायू आवळायचे, मोबाइलवर व्हिडिओ आहे बघ." घोटाळा इथंच होतो. लघवी सुटण्याचे हे दोन प्रकार वेगळे आहेत. एकात लघवीची वाट मिटून धरणारे स्नायू आणि त्यांचा आधार कमी पडतो. दुसऱ्यात मूत्राशय नको त्या वेळी, आपल्याला न विचारता आकुंचन पावतं.

मी बडोद्यात फिजिओथेरपी करते. नवरात्र संपलं की आमच्याकडे गुडघे आणि घोटे येतात, आणि गुडघ्याचं बोलून झालं की दबक्या आवाजात ही तक्रार निघते. दांडियाबाजारातल्या एका घरातून सासू-सून अशाच एकत्र आल्या. दोघी मिळून तोच व्हिडिओ बघून तोच व्यायाम करत होत्या. फरक दोघींनाही नव्हता.

मी विचारलं, "काकू, सुटायच्या अगदी आधी काय होतं?"

"अगं, एकदम जोरात लागते. खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन येते तोवर काही नसतं. कुलपात किल्ली घातली की संपलं, संडासापर्यंतसुद्धा पोचत नाही."

सून म्हणाली, "मला तर लागलेलीच नसते. गरब्यात उडीचा ठेका आला की थोडीशी येते. शिंकले तरी."

निम्मं निदान इथंच झालं. सुनेची लघवी थोडी, उडी-शिंक-खोकल्याच्या क्षणी सुटते; आधी भावना नाही, रात्री कोरडी. सासूबाईंची अचानक घाई होऊन, बऱ्यापैकी, आणि रात्रीही झोपेतून उठवणारी. पाण्याचा आवाज ऐकला, भांडी घासायला नळ सोडला, तरी त्यांना लागते.

सुनेचं आधी बघू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. शिंकताना पोटात दाब वाढतो तेव्हा या झोळीनं वर उचलून लघवीची नळी मिटवायची असते. गरोदरपण, बाळंतपण, जुनाट खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन यांनी तिची ताकद आणि वेळेवर आवळण्याची सवय दोन्ही कमी होतात. "माझं सिझेरियन झालंय, मला कसं होईल?" हे मी फार ऐकते. सिझेरियननं धोका कमी होतो, शून्य होत नाही. नऊ महिन्यांचं ओझं झोळीनं उचललेलंच असतं. मूल न झालेल्या खेळाडू मुलींनाही उड्या मारताना हा त्रास होतो. बाळंतपणानंतर पोटाला आवळून बांधलेल्या पट्ट्यानं झोळी भरून येत नाही. घट्ट पट्ट्यानं दाब उलट खाली ढकलला जाऊ शकतो.

या प्रकाराला आवळण्याचा व्यायाम खरोखर लागू पडतो, पण तो नीट केला तर. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, तेव्हा त्यांनी सोबत योनीतला दाब मोजणारं उपकरणही वापरलं होतं, म्हणजे योग्य स्नायू आवळला जातोय का हे बाईला काट्यावर दिसायचं. व्हिडिओत केगेलचं नाव तेवढं उरलंय. आमची सून श्वास कोंडून, पोट आत ओढून, नितंब घट्ट करून खाली जोर देत होती, म्हणजे झोळी रोज आणखी खाली ढकलत होती. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आवळून वर ओढतो, ते बरोबर. श्वास चालू ठेवायचा. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. शिवाय शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं, मग शिंकायचं. ही एक युक्ती जमली की पुष्कळजणींचा निम्मा त्रास तिथंच कमी होतो. लघवी करताना मध्येच धार अडवून बघणं मात्र व्यायाम म्हणून करू नये. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आता काकू. त्यांना आधी लघवीची तपासणी आणि साखर बघायला पाठवलं, कारण जंतुसंसर्ग आणि मधुमेह हुबेहूब हाच वेष घेऊन येतात. दोन्ही ठीक निघालं. मग दिनक्रम विचारला. भिजण्याच्या भीतीनं त्यांनी पाणी जवळपास सोडलं होतं, चहा मात्र नाही. कुणाकडे गेलं की चहा, कुणी आलं की चहा. घट्ट, पिवळीधमक लघवी आणि चहातलं कॅफीन दोन्ही मूत्राशयाला डिवचतात. वर प्रत्येक वेळी बाहेर पडताना "जाऊनच येते" ही लहानपणापासूनची शिस्त. अर्धवट भरलं की रिकामं करायचं, याची मूत्राशयाला सवय लागते आणि मग ते थोड्यावरही ओरडतं.

त्यांचं औषध वेगळं. घाई आली की धावायचं नाही. आहे तिथं उभं राहायचं किंवा बसायचं, पाच-सहा वेळा पटापट आवळायचं, शंभरापासून उलटे आकडे मोजायचे. लाट ओसरते. मग चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला १०-१५ मिनिटांनी वाढवायचं, किमान ६ आठवडे. आवळणं इथंही आहे, पण इथं ते मूत्राशयाला शांत करण्यासाठी आहे. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर गोळ्या देतात. या गोळ्या मूत्राशयाची नको ती आकुंचनं कमी करतात, म्हणून सुनेला त्यांचा काही उपयोग नाही.

शस्त्रक्रियेचं उलट आहे. लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवण्याचं ऑपरेशन शिंकेच्या प्रकारासाठी असतं. घाईच्या प्रकारावर ते उपाय नाही, कधीकधी त्यानंतर घाई वाढते. आणि "पिशवी काढून टाकली की सगळं बरं होतं" हे तर सरळ चुकीचं आहे. गर्भाशय काढणं हा लघवी सुटण्यावरचा इलाज नाही. योनीतून काही खाली आल्यासारखं वाटणं, अंग बाहेर येणं, ही तिसरीच गोष्ट. ती सोबत असू शकते, पण तिची तपासणी वेगळी.

पुष्कळजणींना दोन्ही प्रकार एकदम असतात. त्यांनी कोणता जास्त छळतो ते आधी ठरवावं आणि तिथून सुरुवात करावी. ज्यांना संबंधाच्या वेळी दुखतं किंवा धार सुरू व्हायलाच वेळ लागतो, त्यांचे स्नायू ढिले नसून सतत आवळलेले असू शकतात. त्यांनी व्हिडिओ बघून आणखी आवळू नये. त्यांना सैल सोडायला शिकवावं लागतं.

सयाजी हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात जा नाहीतर जवळच्या डॉक्टरांकडे, जाण्याआधी ३ दिवस एका वहीत लिहा: काय आणि किती प्यायलं, किती वाजता गेलात, मापाच्या मगात किती झाली, कधी सुटली आणि त्या क्षणी काय करत होतात. लघवीतून रक्त येत असेल, ताप-जळजळ असेल, किंवा मांड्यांच्या आतल्या भागात बधिरता येऊन लघवी अडली असेल, तर वही राहू द्या. बधिरता असेल तर त्याच दिवशी, लगेच, हॉस्पिटल गाठा.