‘ह्याच पीसीची कॉपी मारा’ म्हणण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून पतसंस्था, कॉलेजच्या लॅब, कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखाने, सगळीकडून एकच फोन येतो : “चाळीस पीसी आहेत, एका दिवसात विंडोज ११ करून द्या.” करतो की. पीसीत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर असला, तर नेटवर्कवरून इमेज, म्हणजे एका तयार पीसीची पूर्ण कॉपी, उतरवायला चार काय आणि चाळीस काय.

घोळ होतो तो मास्टर पीसीवर, म्हणजे ज्याची कॉपी काढायची त्या पीसीवर. “अकाउंटचा पीसी एकदम सेट आहे, ह्याचीच कॉपी मारा.” सेट म्हणजे काय, तर त्यात चार प्रिंटर, अँटिव्हायरसची नोंदणी आणि ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड. ते सगळं चाळीस टेबलांवर जातं. शिवाय सगळ्या पीसींचं नाव एकच, आतली ओळखही एकच. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर चाळीसऐवजी एकच पीसी दिसायला लागतो.

ही ओळख पुसायला विंडोजमध्येच ‘सिसप्रेप’ नावाचं टूल असतं, पण ते वापरलेल्या पीसीवर हमखास रुसतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असला, किंवा कुणी स्टोअरमधून एखादं अ‍ॅप स्वतःपुरतं घेतलं असलं, की तिथेच थांबतं. चाललं तरी जुनी युजर अकाउंट तशीच राहतात. एका ठिकाणी आग्रहाखातर आम्ही असा पीसी घेतला. दोन दिवस त्यातच गेले आणि शेवटी कोराच करावा लागला.

म्हणून मास्टर आम्ही कोऱ्या पीसीवरच बनवतो. “दिवसभर एकाच पीसीपुढे बसलात, बिल कशाचं?” असं विचारतात. त्याच दिवसाचं! पुढचं काम सर्व्हरच करतो. पीसी वेगवेगळ्या मॉडेलचे असले तरी इमेज एकच चालते, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) मॉडेलप्रमाणे जातात. ती इमेज आम्ही जपून ठेवतो. पुढच्या वर्षी पाच नवे पीसी आले तर सुरुवातीपासून काही करावं लागत नाही.

सगळे पीसी जोडणारा नेटवर्कचा स्विच जुना, शंभर एमबीपीएसचा असेल तर आधी सांगा. वीस जीबीची इमेज त्यावरून उतरायला अर्धा तास धराच. गिगाबिट स्विच आम्ही कामापुरता घेऊन येतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

येण्याच्या दोन दिवस आधी सॉफ्टवेअरची पक्की यादी, त्यांचे सेटअप आणि लायसन्स नंबर द्या. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर दर वेळी राहतं, ते आठवणीने लिहा. बायोसला (पीसी चालू होतानाच्या सेटिंगला) पासवर्ड असेल तर तोही हवा. आणि डेस्कटॉपवरच्या फाइल ‘सी’ ड्राइव्हवरच असतात, त्या आधी काढून घ्या. इमेज उतरल्यावर आमच्याकडूनही परत मिळणार नाहीत.